भट्टीचं देणं

सुगंधी तेलांवर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तेल काढायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती? शेतकरी विचारतात, विद्यार्थी विचारतात, निवृत्तीनंतर दोन एकरांत गवती चहा लावू पाहणारे गृहस्थही विचारतात. मी त्यांना उलट विचारते, वनस्पती कोणती आणि तिच्यातलं तुम्हाला काय हवंय? हे विचारायला मला दोन माणसांनी शिकवलं, आणि कन्नौजच्या एका वृद्ध अत्तरवाल्यांनी ते माझ्या मनात पक्कं केलं. पहिल्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. दुसऱ्या बाईंच्या कपाटात अर्नेस्ट गुंथर यांच्या सुगंधी तेलांवरच्या ग्रंथाचे सहाही खंड होते. त्या दोघांची कधी गाठ पडली नाही. पडायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

पहिले ते काका. रक्ताचं नातं नव्हतं. माझे वडील तळोद्याला नोकरीला होते आणि जंगलातली माणसं बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर टेकायची, त्यातले ते एक. तळोद्याच्या उत्तरेला सातपुड्याची पहिली रांग उठते. तिच्या पायथ्याला, नाल्याच्या काठी, पाऊस सरता सरता काकांची भट्टी पेटायची. ते तेल काढायचे रोशा गवताचं. कुणी त्याला तिखाडी म्हणतं. डोंगरउतारावर आपोआप उगवणारं, छातीएवढं उंच, आणि फुलोऱ्यावर आलं की लालसर होणारं हे गवत. पान चुरगाळलं तर गुलाबाचा भास होतो.

हा भास नुसता भास नाही. गुलाबाच्या तेलातलं जिरॅनिऑल हे द्रव्य रोशाच्या तेलात भरपूर असतं, चांगल्या तेलात तर ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं हे तेल मुंबई बंदरातून अरबस्तानात आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जायचं. युरोपातले व्यापारी त्याला तुर्की जिरॅनियमचं तेल म्हणायचे, कारण ते त्यांना तुर्कांकडून मिळायचं. तिथून ते बल्गेरियाच्या गुलाबबागांत पोचायचं आणि महागड्या गुलाबतेलात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. कधी ऊर्ध्वपातनाआधीच पाकळ्यांवर शिंपडलं जायचं, म्हणजे भेसळ ओळखणं आणखी कठीण. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची दखल आहे. हे सगळं मी फार पुढे वाचलं. वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा काकांचे हात आठवले. पॅरिस-लंडनच्या अत्तरांत सातपुड्यातल्या कुणाकुणाचे असे हात होते, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही.

काकांची भट्टी अशी होती : दगडांची चूल, तिच्यावर मोठं भांडं, भांड्यात पाणी आणि वर गच्च दाबून भरलेलं गवत. झाकणाच्या कडा ओल्या कणकेने आणि मातीने लिंपलेल्या. झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी तिरकी खाली उतरून एका तांब्याच्या भांड्यात शिरायची, आणि ते भांडं नाल्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं. भट्टी नाल्याकाठीच का, याचं उत्तर त्या बुडवलेल्या भांड्यात होतं. वाफ गार करायला फुकटचं, न थांबणारं पाणी हवं. म्हणून पाऊस सरल्यावरचा हंगाम. नाला आटला की भट्टी बंद, मग गवत कितीही उभं असो.

बघणाऱ्याला हे सोपं वाटतं. त्यातलं अवघड काय ते काकांनी मला दाखवलं. मी तेव्हा शाळकरी मुलगी, प्रश्न विचारण्यात पटाईत, आणि त्यांना प्रश्नांचा कंटाळा नव्हता. एकदा भट्टी उघडल्यावर त्यांनी तळातली मूठभर काडी काढून माझ्या नाकाशी धरली. करपट वास. भांड्याच्या तापलेल्या तळाला टेकलेलं गवत. ‘गवत जयनं, तेल गयं,’ ते म्हणाले. करपलेल्या मुठीचा वास सगळ्या खेपेला लागतो, आणि बाजारातला बोहरी व्यापारी बाटली उघडताच भाव पाडतो. त्यावर काकांचा इलाज साधा होता. ते भांड्याच्या तळाशी पाण्याच्या वर येईल अशी बांबूच्या कामट्यांची जाळी बसवायचे आणि गवत तिच्यावर रचायचे. पाणी खाली उकळायचं, गवताला फक्त वाफ लागायची. आजूबाजूच्या भट्ट्यांवर सगळेच असं करत नव्हते. काकांनी ते कुणाकडून घेतलं होतं की स्वतः शोधलं होतं, हे मी विचारलं तेव्हा ते गवताचा भारा सोडत होते आणि उत्तर राहून गेलं.

आणखी एक गोष्ट ते करायचे. तांब्याच्या भांड्यात तेल वर तरंगायचं, खाली पाणी राहायचं. तेल काढून घेतल्यावर ते पाणी ओतून देत नसत. त्यालाही वास असायचा. पुढची खेप लावताना तेच पाणी भट्टीत. ‘ह्याच्यात अजून आहे, पोरी,’ एवढंच सांगायचे.

गवत निवडणंही त्यांच्याकडून शिकले. रोशाच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया, दिसायला जवळजवळ सारख्या. मोतिया कोरड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर सुटी सुटी उगवते. सोफिया खालच्या ओलसर जागी दाट. मोतियाचं तेल गुलाबी गोडव्याचं, सोफियाचं आल्यासारखं तिखट आणि स्वस्त. पाश्चात्त्य बाजारात दोन्हीला वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे भाव. काका पाय रोवून उभे राहायचे, फुलोऱ्याची एक काडी तळहातावर चोळायचे आणि भारा डावीकडे की उजवीकडे ते सांगायचे. पुढे मी गॅस क्रोमॅटोग्राफवर हीच निवड आलेखाच्या शिखरांवरून करू लागले. यंत्र मोठं नेमकं आहे, त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण डोंगरावर ते नेता येत नाही.

शिक्षणासाठी पुण्याला आले आणि रसायनशास्त्राच्या बाई भेटल्या. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं की घराजवळ कुठे रसायनशास्त्र पाहिलंय का. मुलांनी साबणाचे, साखरेचे कारखाने सांगितले. मी काकांची भट्टी सांगितली. वर्गातले काहीजण हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावून भट्टीचं चित्र काढायला लावलं आणि बांबूच्या जाळीपाशी खडू थांबवला. ‘ही जाळी कुणी बसवली?’ त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंथरचा पहिला खंड उघडून माझ्यासमोर ठेवला. त्यात ऊर्ध्वपातनाच्या तीन रीती होत्या. पहिलीत वनस्पती थेट पाण्यात बुडवून उकळायची. दुसरीत जाळीवर ठेवून खालच्या पाण्याच्या वाफेने काढायची. तिसरीत वेगळ्या बॉयलरमधली वाफ नळीने आणून वनस्पतीतून सोडायची. काकांची भट्टी दुसऱ्या रीतीची होती. मला तो खंड वाचताना ओळखीच्या घरात शिरल्यासारखं झालं. आणि बाईंचा मोठेपणा असा की त्यांनी भट्टीला ‘पारंपरिक’ म्हणून बाजूला ठेवलं नाही. ती कशी चालते हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

जिरॅनिऑल २३० अंशांच्या आसपास उकळतं. मग काकांच्या भट्टीतून ते १०० अंशांच्या आतच कसं बाहेर पडतं? हा प्रश्न बाईंनी मला सोडवायला दिला आणि उत्तर स्वतः सांगितलं नाही. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देतात. त्या दोन दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळायला लागतं. पाण्याचा वाटा बेरजेत मोठा, तेलाचा छोटा. पण तेवढ्या छोट्या वाट्याने तेल वाफेबरोबर नळीत चढतं, आणि जे एरवी जाळल्याशिवाय उकळलं नसतं ते न जळता बाहेर येतं. हे गणित कागदावर जुळलं त्या संध्याकाळी मी वसतिगृहात कितीतरी वेळ झोपले नाही. काकांचं काम मला पहिल्यांदा आतून दिसलं होतं.

बाईंनी मग मला पद्धतींची तुलना करायला लावली, आणि तेच माझं पुढचं आयुष्य झालं. प्रयोगशाळेत क्लेव्हेंजरचं काचेचं उपकरण होतं. १९२८ साली क्लेव्हेंजर यांनी सुचवलेली ती रचना अजूनही जगभर वापरतात. त्यात वनस्पती पाण्यात उकळते, वाफ थंड होऊन खुणा केलेल्या नळीत उतरते, तेल वर तरंगतं आणि पाणी आपोआप फ्लास्कमध्ये परत जातं. ते परत जाणारं पाणी पाहिलं आणि मी बाईंना काकांच्या उरलेल्या पाण्याबद्दल सांगितलं. त्या एकदम खूश झाल्या. ‘मग त्यांना सांग, त्यांचं बरोबर आहे आणि का बरोबर आहे तेही सांग,’ म्हणाल्या. सुगंधी द्रव्यांपैकी काही पाण्यात थोडी विरघळतात, ती पाण्याबरोबर फेकली जाऊ नयेत म्हणून ते पाणी पुन्हा फिरवायचं.

गुलाबात हा प्रश्न फार मोठा होतो. ताज्या गुलाबाच्या वासात फेनिलइथाइल अल्कोहोलचा हिस्सा मोठा, आणि ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. ऊर्ध्वपातन केलं की ते गुलाबपाण्यात उतरतं, तेलात थोडंच राहतं. त्याच पाकळ्या हेक्झेनसारख्या विद्रावकात भिजवल्या तर चित्र पालटतं. हेक्झेन ६९ अंशांना उडून जातो, मागे मेण, रंग आणि सुगंध यांचा घट्ट गोळा उरतो, त्याला या धंद्यात काँक्रीट म्हणतात. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून, थंड करून, मेण गाळून टाकलं आणि अल्कोहोल काढून घेतलं की अ‍ॅब्सोल्यूट हाती येतं. गुलाबाच्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये तेच फेनिलइथाइल अल्कोहोल निम्म्याहून जास्त असतं. एकच फूल, दोन वाटा, आणि दोन बाटल्यांत दोन वेगळे गुलाब. दोन्ही खरे आहेत.

आम्ही रोशाचंही तसंच करून पाहिलं. काकांकडून वाळलेला फुलोरा गोणीतून मागवला होता. हेक्झेनने काढलेला अर्क गडद हिरवा, चिकट, गवताच्या मेणाने आणि हरितद्रव्याने भरलेला निघाला. वाफेचं तेल फिकट पिवळं, स्वच्छ. इथे वाफच हवी, याबद्दल शंका उरली नाही. मोगऱ्यासारख्या फुलाचं मात्र उलटं. त्याचा वास नाजूक, तेल अगदी थोडं, आणि उकळत्या पाण्यात त्याचा ताजेपणा टिकत नाही. म्हणून मदुराई-कोइम्बतूरच्या भागात मल्लीच्या कळ्या विद्रावकाच्या टाक्यांत जातात. शिवाय मोगऱ्याची, जाईची कळी तोडल्यावरही सुगंध तयार करत राहते. फ्रान्समधल्या ग्रासच्या लोकांनी याचाच फायदा घेतला. काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं पसरायची, दुसऱ्या दिवशी बदलायची, चरबी वासाने भरेपर्यंत हेच करत राहायचं. आपल्याकडे तेच काम तिळांनी केलं. तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक, फुलं पुन्हा पुन्हा बदलायची, मग तीळ घाण्यात घालायचे. चमेलीचं तेल असं होत असे. यात उष्णता अजिबात नाही. मला ही रीत सगळ्यांत हळुवार वाटते आणि ती जवळजवळ संपली याचं वाईट वाटतं.

बाईंनी दिलेला एक धडा मी आजही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला देते. त्यांनी कॅमोमाइलची वाळलेली फुलं आणली, पिवळी-पांढरी, आणि क्लेव्हेंजरमध्ये लावली. नळीत जे तेल उतरलं ते गर्द निळं होतं. शाईसारखं निळं. फुलात तो रंग कुठेच नसतो. फुलात मॅट्रिसिन नावाचं रंगहीन द्रव्य असतं, वाफेच्या उष्णतेने त्याचं कॅमाझुलिन होतं, आणि ते निळं. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने तीच फुलं काढली तर निळा रंग येत नाही, मॅट्रिसिन जसंच्या तसं राहतं. त्या दिवशी बाई म्हणाल्या की आपण तेल ‘काढतो’ असं समजतो, पण भट्टी काही द्रव्यं घडवतेही. कुठली घडायला हवीत आणि कुठली नकोत, हे ठरवल्याशिवाय पद्धत निवडू नकोस.

कार्बन डायऑक्साइडचं तंत्र नंतर आलं. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली हा वायू ना धड वायू राहतो ना धड द्रव. अशा अवस्थेत तो विद्रावकाचं काम करतो आणि दाब काढला की मागे काही न ठेवता उडून जातो. आल्यासाठी हे तंत्र फार उपयोगाचं. वाफेने काढलेल्या आल्याच्या तेलाला वास आहे, पण जिभेला झणझणवणारं जिंजेरॉल वाफेबरोबर चढतच नाही. कार्बन डायऑक्साइडच्या अर्कात ते येतं. यंत्र महाग आहे आणि छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही, एवढं इथे पुरे. लिंबू-संत्र्याच्या सालीला तर भट्टीच नको, दाबून पिळलं की तेल सुटतं. मात्र असं पिळलेलं काही तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, कारण वाफेत न येणारी जड द्रव्यं त्यात उतरलेली असतात. घरी प्रयोग करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

कन्नौजला मी बाईंच्या सांगण्यावरून गेले. तिथे वाफेला थंड करणारा काचेचा कंडेन्सर नाही. तांब्याची डेग, बांबूचा चोंगा, आणि पाण्याच्या हौदात बसवलेला तांब्याचा भपका. भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं, येणारी सुगंधी वाफ त्यातच जिरते. ज्या चाचाजींनी मला बसवून घेतलं, ते हौदात हात घालून भपक्याची गरमी चाचपायचे. त्यावरून चूल मंद करायची की नाही ते ठरायचं. भपका बदलायची वेळ झाली की डेगेवर ओलं फडकं फिरवून वाफ दाबायची. मी खिशातून थर्मामीटर काढला तेव्हा त्यांनी तो कौतुकाने हातात घेतला, पाण्यात धरला, आणि आकडा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग पुन्हा स्वतःचा हात घातला. दोघांचं जुळलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

गुलाबाची पाकळी जाळीवर का ठेवत नाहीत, हे मी त्यांना विचारलं. वाफ लागली की पाकळ्या एकमेकींना चिकटून लगदा होतो, वाफ एखाद्या फटीतून निघून जाते आणि बाकीच्या कोरड्या राहतात, असं त्यांचं उत्तर. म्हणून पाकळ्या पाण्यात पोहत्या हव्यात. काकांना गवत पाण्यात नको होतं, चाचाजींना फूल पाण्यातच हवं होतं. मला या दोन वाक्यांत विरोध दिसला नाही. दोघंही आपापल्या वनस्पतीचं ऐकत होते. वाळ्याच्या मुळांचं तेल जड आणि चिवट, त्याला चाचाजी दिवस-रात्र भट्टी देत. तांब्यामुळे त्या रूह-ए-खसला जो हिरवा रंग येतो तो त्यांनी उन्हात धरून दाखवला. चंदन महागल्यावर अनेकांनी भपक्यात लिक्विड पॅराफिन घालायला सुरुवात केली. त्याबद्दल चाचाजी रागाने नव्हे, दुःखाने बोलले.

परतल्यावर बाईंनी मला परशुराम कृष्ण गोडे यांचे लेख दिले. भांडारकर संस्थेत क्युरेटर असलेल्या गोडे यांनी भारतीय सुगंधशास्त्राच्या इतिहासावर आयुष्याची कितीतरी वर्षं खर्च केली. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे संस्कृत ग्रंथ त्यांनीच अभ्यासकांसमोर आणले, आणि ‘गंधवादा’वर तर मराठी टीका आहे. शतकांपूर्वी कुणीतरी मराठीत सुगंधाचं शास्त्र समजावून सांगत बसलं होतं, हे कळलं तेव्हा मला माझ्या कामाला जुनं घर मिळालं. बाईंनी लेखाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘तुझ्या काकांसाठी मराठीत लिही.’

मी लिहिलं. चार पानांची पुस्तिका, भट्टीचं चित्र, जाळी, उरलेलं पाणी पुन्हा घालणं, करपट वास टाळणं. त्यातली निम्मी माहिती काकांचीच होती. त्यांना ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी मला थांबवलं. एक, फुलोरा पूर्ण उमलल्यावरच कापायचा हे मी ठळक लिहावं. दुसरं, भारा बांधून रात्रभर दाबून ठेवला तर आत तापतो आणि तेल घटतं, हे लिहावं. दोन्ही लिहिलं. काका आणि बाई दोघंही आता नाहीत. ती पुस्तिका अजून मागवली जाते.

काकांच्या पुतण्याने गेल्या काही वर्षांत स्टीलची टाकी आणि वेगळा बॉयलर बसवला आहे. नाल्यावर अवलंबून नाही, आग थेट गवताला लागत नाही, एक खेप लवकर उरकते. नमुने मी तपासून देते, त्याचे पैसे घेत नाही. एकदा त्याने फोन करून विचारलं, ‘ताई, बॉयलर आल्यावर ते पाणी पुन्हा घालायचं का?’ बॉयलरमध्ये मुळीच नको, आत मळ धरेल, पण टाकीच्या तळाशी घालून वाफेने उकळता येईल, असं मी सांगितलं, आणि कुणाची आठवण ठेवून सांगते आहे तेही सांगितलं. यंदा त्याने बांधावर वाळा लावलाय. मुळं खणायला अजून वर्षभर आहे. त्याला वाफ किती तास द्यायची त्याचा तक्ता मी पाठवलाय, पण हिरवं तेल हवं असेल तर तांब्याची डेग लागेल. ती कुठे घडवून मिळते ते विचारायला पुढच्या महिन्यात चाचाजींच्या मुलाला पत्र टाकायचं आहे.